साडेबारा हजार किलोमीटरचा हिशेब

‘मुलगी कुठे असते तुमची?’ या प्रश्नाचं उत्तर आमच्या आयांच्या वेळी एका शब्दात संपायचं. इस्लामपूरला, फलटणला, फार तर पुण्याला. आणि त्या एका शब्दात अंतरही कळायचं. सकाळच्या एसटीनं निघालं की दुपारच्या जेवणाला लेकीकडे. आता उत्तर येतं, ‘न्यू जर्सीला.’ ऐकणारी ‘अगंबाई, हो का!’ म्हणते, कौतुकानं मान डोलावते, आणि मग दोघीही क्षणभर गप्प होतात. कारण न्यू जर्सी म्हणजे नेमकं किती लांब, हे सांगणारीलाही धड माहीत नसतं आणि ऐकणारीलाही.

आमच्या कराडसारख्या गावात आता गल्लीआड एखाद्या घरातलं मूल परदेशात आहे. महिला मंडळाच्या कामात असल्यामुळे पासपोर्टचा फॉर्म भरून देणं, व्हिसाच्या मुलाखतीला कुठले कागद न्यायचे ते सांगणं, अशी कामं माझ्याकडे आपसूक येत गेली. लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी निघालेल्या कितीतरी जणी भेटल्या. प्रत्येकीचा पहिला प्रश्न एकच, ‘वहिनी, विमानाला किती तास लागतात हो?’

तिकिटावर त्याचं उत्तर छापलेलं असतं. मुंबईहून न्यूयॉर्कला मध्ये कुठेही न थांबणारं विमान मिळालं, तर साधारण १६ तास. पण हे झालं विमानतळ ते विमानतळ. आपल्या उंबऱ्यापासून लेकीच्या उंबऱ्यापर्यंत किती, हा हिशेब तिकिटावर नसतो. आणि आयुष्यात कधी ना कधी गरज पडते ती याच हिशेबाची. म्हणून मैत्रिणींनो, आज तो जरा नीट मांडूया.

गोलावरचा दोरा

बी.ए.ला माझा भूगोल होता, त्यामुळे मंडळात हा विषय निघाला की मी कपाटातला पृथ्वीचा गोल काढून आणते. शिवणाच्या डब्यातला दोरा घ्यायचा, एक टोक मुंबईवर आणि दुसरं न्यूयॉर्कवर धरून ताणायचा. सगळ्याजणींना वाटत असतं की दोरा अरबी समुद्रावरून आफ्रिकेकडे, मग अटलांटिक ओलांडून पलीकडे जाईल, कारण भिंतीवरच्या नकाशात तसंच दिसतं. प्रत्यक्षात ताणलेला दोरा सरकत सरकत वर उत्तरेला जातो. अफगाणिस्तान, रशिया, स्कँडिनेव्हिया, ग्रीनलंडचं खालचं टोक, कॅनडा, आणि मग न्यूयॉर्क! ‘अहो, एवढा वळसा कशाला?’ असं कुणीतरी विचारतंच. पण तो वळसा नाही, तोच जवळचा रस्ता आहे. पृथ्वी गोल, कागद सपाट, म्हणून कागदावर तो वाकडा दिसतो.

हा दोऱ्याचा रस्ता सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरतो. पृथ्वीचा घेर ४० हजार किलोमीटर. म्हणजे लेकीकडे एकदा जायचं म्हणजे पृथ्वीला जवळजवळ एक तृतीयांश फेरी मारायची. विमान ताशी नऊशे किलोमीटरच्या आसपास वेगानं जातं. भागाकार केला तर चौदा तास यायला हवेत. मग १६ का लागतात? एक तर विमानाला अगदी दोऱ्यासारखं सरळ जाता येत नाही. आणि दुसरं म्हणजे वारा. तेवढ्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर घेतात. म्हणून येताना तेच अंतर साधारण चौदा-साडेचौदा तासांत कापलं जातं. सायकलवर वाऱ्याविरुद्ध पायडल मारलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगायला नको.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या हातात मुळीच नसते. विमान ज्या देशांच्या डोक्यावरून जातं, त्यांची परवानगी लागते. २०२२ साली युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियानं अनेक पाश्चात्त्य देशांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्ताननं भारतीय विमानांना बंद केलं. अशा वेळी दोरा सोडून लांबून जावं लागतं, तास वाढतात, इंधन वाढतं, कधी मध्ये उतरून इंधन भरावं लागतं. म्हणून शेजारणीच्या मुलाला गेल्या वर्षी किती तास लागले, यावर आपला हिशेब बांधू नये. आपल्या तिकिटावरची वेळ बघावी, आणि निघायच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघावी.

दिवसाची रात्र करा

अंतरापेक्षाही बायकांना जास्त गोंधळात टाकतं ते घड्याळ. ‘रात्री दीडला निघालं, १६ तास उडालं, आणि पोचलं ते त्याच दिवशी सकाळी सातला? मग तास गेले कुठे?’ असं एका मावशींनी अगदी रागानं विचारलं होतं!

तास कुठेही गेले नाहीत. न्यूयॉर्क आपल्या मागे आहे. हिवाळ्यात साडेदहा तास, उन्हाळ्यात साडेनऊ तास. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात, म्हणून हा फरक. जाताना हे तास परत मिळतात, येताना द्यावे लागतात. परतीला दुपारी निघालेली बाई दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईत उतरते ती यामुळे.

फोन करताना बोटं मोजत बसायला नको म्हणून मी एक सोपी युक्ती सांगते. आपल्या घड्याळात जे वाजले असतील त्याची दिवसाची रात्र करा, रात्रीचा दिवस करा, आणि हिवाळ्यात दीड तास, उन्हाळ्यात अडीच तास मिळवा. आपल्याकडे जानेवारीत सकाळचे आठ वाजलेत? तिकडे आदल्या रात्रीचे साडेनऊ. जुलैत सकाळचे आठ? तिकडे आदल्या रात्रीचे साडेदहा. ही युक्ती न्यूयॉर्क, न्यू जर्सी, बोस्टन या पूर्व किनाऱ्यासाठी. मूल कॅलिफोर्नियाला असेल तर तिथलं घड्याळ आणखी तीन तास मागे, तेवढे वजा करा. एकीनं ही युक्ती कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवली, आणि म्हणाली, ‘आता जावयाची झोप मोडायची नाही.’

उंबरा ते उंबरा

आता खरा हिशेब. कराडहून मुंबईचा विमानतळ सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. पुण्याबाहेरची गर्दी, घाटातली वाहतूक धरून सात-आठ तास मोकळे ठेवावेच लागतात. मुंबईला आता दोन विमानतळ आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झालं. तेव्हा तिकिटावर कुठला लिहिलाय हे गाडीवाल्याला आधी वाचून दाखवा. आंतरराष्ट्रीय विमानासाठी तीन-चार तास आधी पोचायचं. मग १६ तास विमान. उतरल्यावर पासपोर्ट तपासणीची रांग, सामान, कस्टम्स यात दीड-दोन तास. मग जावयाच्या गाडीतून तास-दीड तास. बेरीज करा. तीस-एकतीस तास होतात. मध्ये आखाती देशात किंवा युरोपात विमान बदलायचं असेल तर छत्तीस-चाळीसही होतात.

म्हणून माझा ठोकताळा असा : तिकिटावरचे तास गुणिले दोन. तेवढा वेळ अंगात ताकद राहील अशी तयारी करायची.

यातली एक गोष्ट मी अगदी ठासून सांगते, ती पाणी पिण्याची. आपल्याकडच्या बायकांना लहानपणापासून सवय लागलेली असते, प्रवासात पाणी प्यायचंच नाही. स्टँडवरचं स्वच्छतागृह कसं असेल, गाडी कुठे थांबेल, याची भीती. घशाला कोरड पडली तरी दोन घोटांवर भागवायचं. हीच सवय बायका विमानात घेऊन जातात. तिथे ती महागात पडते. विमानातली हवा फार कोरडी असते. आतला दाबही जमिनीवरच्यासारखा नसतो, सुमारे अठराशे ते चोवीसशे मीटर उंचीवर असतो तितका असतो. म्हणजे १६ तास आपण कळसूबाईच्या शिखराहूनही उंच जागी बसलेलो असतो! त्यात एका जागी पाय लोंबते ठेवून बसलं की पाय सुजतात, आणि काहींना पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. विमानात स्वच्छतागृह आहे, ते आपल्यासाठीच आहे. दर तास-दोन तासांनी उठा, मधल्या वाटेत चार पावलं टाका, बसल्या जागी घोटे गोल फिरवा, आणि पाणी मागून घ्या. मागायला लाजू नका. साठीपुढच्या, शुगर-बीपीवाल्या, पायाच्या शिरा फुगलेल्या बायकांनी निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून घ्यावं. गोळ्यांच्या नि इन्शुलिनच्या वेळा घड्याळ बदलल्यावर कशा करायच्या, हेही त्यांच्याकडून कागदावर लिहून घ्यावं. औषधं मूळ पाकिटात, चिठ्ठीसह, हातातल्या पिशवीत. इन्शुलिन कधीच मोठ्या बॅगेत टाकू नये, खालच्या सामानात ते गोठू शकतं.

व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांगून ठेवली तर मिळते. ‘मी काय लंगडी आहे का?’ असं म्हणून नको म्हणणाऱ्या बऱ्याच. पण मोठ्या विमानतळावर चालायचं अंतर फार असतं, आणि ज्यांना गुडघ्यांचा त्रास आहे त्यांनी ही मदत मोकळ्या मनानं घ्यावी. मंगळसूत्र काढावं लागतं का, हा दुसरा हमखास प्रश्न. आपल्याकडे तपासणी महिला शिपाईच पडद्याआड करतात. बांगड्या-मंगळसूत्रानं यंत्र वाजलं तर हातातल्या यंत्रानं पुन्हा बघतात, घाबरण्यासारखं काही नसतं.

आणि खाऊ! डिंकाचे लाडू, मेतकूट, भाजणी, बाळंतशोपा यावाचून आपल्या बॅगेला बॅग म्हणत नाहीत. कोरडे, नीट बंद केलेले पदार्थ बहुतेक वेळा जातात. ताजी फळं, भाज्या, बी-बियाणं, मटण-चिकन नको. कढीपत्त्याची ताजी डहाळीसुद्धा नको. तिकडच्या लिंबू-संत्र्यांच्या बागांना त्यातून रोग जाईल अशी त्यांना धास्ती असते. अधिकाऱ्यानं विचारलं की बॅगेत खाण्याचं काय आहे ते सरळ सांगायचं. सांगितलेली वस्तू फार तर ते काढून ठेवतील. लपवलेल्या वस्तूला दंड होतो.

आनंदीबाईंचे दोन महिने

१६ तास ऐकून ज्यांचा धीर सुटतो, त्यांना मी आनंदीबाई जोशींची आठवण करून देते. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने! वय नुकतंच अठरा झालेलं. घरचं कुणी सोबत नाही. बंदरावर घ्यायला आल्या कार्पेंटरबाई, ज्यांची ओळख तोवर फक्त पत्रांतून. न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांच्या घरी आनंदीबाई राहिल्या. आज ज्या न्यू जर्सीत आपल्या लेकी-सुना राहतात, तिथे एक मराठी मुलगी एवढ्या आधी राहून गेली आहे, हे ऐकलं की बायकांचे चेहरे बदलतात. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. परत आल्या त्या आजार घेऊन, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षंही पूर्ण झालेली नसताना, पुण्यात गेल्या. त्यांच्या अस्थींचा काही भाग कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेत पाठवला गेला, आणि त्यांच्या घराण्याच्या जागेत, न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी गावी, तो विसावला आहे.

त्यानंतर अंतर तेवढंच राहिलं, वेळ मात्र घटत गेला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं पहिलं परदेशी विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला गेलं. मे १९६० पासून जेट विमानं लंडनमार्गे न्यूयॉर्कला जाऊ लागली. १ ऑगस्ट २००७ पासून एअर इंडियानं मुंबई-न्यूयॉर्क विनाथांबा सेवा सुरू केली. आणि जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बंगळुरू हा सुमारे चौदा हजार किलोमीटरचा प्रवास उत्तर ध्रुवाच्या वाटेनं करणारं विमान कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी आणलं. चौघींत एक आकांक्षा सोनावरे होत्या. बोटीत एकटी बसलेल्या आनंदीबाईंपासून विमान चालवणाऱ्या या चौघींपर्यंत, अंतर कापण्याची ही आपली गोष्ट आहे. मंडळात हे सांगितलं की पहिल्यांदा निघालेली बाईसुद्धा पदर खोचून म्हणते, ‘मग मी नुसती बसून तर जायचंय!’

वेळेत पोचता येत नाही तेव्हा

इथवरचा हिशेब आनंदाचा होता. पण अंतराची दुसरी बाजू आहे, आणि तिच्याबद्दल घराघरात कुणी बोलत नाही.

काही वर्षांपूर्वी जुलैत आमच्या भागातले एक काका पहाटे पाचला गेले. मुलगा न्यू जर्सीत, मुलगी कोल्हापुरात. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवशीचे संध्याकाळचे साडेसात वाजले होते. मुलानं मिळेल ते विमान धरलं. रात्री अकराचं, दुबईमार्गे. तेरा तास, तीन तास थांबा, पुन्हा तीन तास, मुंबईतून बाहेर पडायला दीड तास, मग कराड. कागदावर मांडलं तर तो दुसऱ्या दिवशी दुपारी बारा-एकच्या आधी दारात येऊ शकत नव्हता. म्हणजे काका गेल्यापासून एकतीस-बत्तीस तास.

भावकीतली वडीलधारी मंडळी जमली. ‘मुलगा आल्याबिगर अग्नी कसा द्यायचा? पेटी मागवा, थांबू.’ कुणी शीतपेटीसाठी फोन करायला लागलं. बाहेर पाऊस, वीज येत-जात होती. काकू आतल्या खोलीत बसल्या होत्या. त्यांच्या मताचा प्रश्नच कुणाच्या मनात आला नव्हता. मी आणि मंडळातल्या दोघी त्यांच्याजवळ होतो. मी विचारलं, ‘काकू, तुम्हाला काय वाटतं?’

काकू म्हणाल्या, ‘ह्यांनी मला सांगून ठेवलंय. पोरगं लांब आहे, त्याला धावत-पळत आणू नका, मला ताटकळत ठेवू नका. लेक आली की न्या.’ मग स्वतः उठून बाहेर आल्या आणि दीरांना सांगितलं, ‘भाऊजी, अग्नी लेक देईल.’

थोडी कुजबुज झाली. पण ज्या बाईचा नवरा गेला तीच सांगतेय म्हटल्यावर कुणाला पुढे बोलता येईना. दुपारी बाराला नदीकाठी मुलीनं अग्नी दिला. त्या वेळी मुलगा अटलांटिकवर कुठेतरी आकाशात होता. दुसऱ्या दिवशी तो आला, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला बहिणीबरोबर पाण्यात उभा राहिला. नंतर मला म्हणाला, ‘काकू, तुम्ही सगळे माझ्यासाठी थांबला असतात, तर ते तीस तास मला तीस वर्षांसारखे गेले असते.’

दुसऱ्या एका घरात दीड दिवस थांबले. आईचीच तशी इच्छा होती, मुलाचंही तेच म्हणणं होतं. तेही बरोबर. तिसऱ्या घरी मुलगा येऊच शकला नाही. नोकरी होती, पैसे होते, तिकीट मिळत होतं, पण पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपलेली. अमेरिकेबाहेर पडलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत आत जाता येत नाही. तिथे बायको आणि शाळेतली दोन मुलं. साडेबारा हजार किलोमीटर विमानानं ओलांडता येतात. त्या एका शिक्क्याचं अंतर त्याला ओलांडता आलं नाही. गल्लीत मात्र बोललं गेलं, ‘बाप गेला तरी आला नाही.’ असं बोलणाऱ्यांना या कागदाची गोष्ट मी आवर्जून सांगत आले आहे.

लेकीला फोन कोण करणार?

या सगळ्यांत मला सर्वांत जास्त सलते ती गोष्ट लेकींची. मुलगा परदेशात असला की पहिला फोन त्याला जातो. त्याला यायला किती तास, थांबायचं का, यावर चर्चा होते. लेक परदेशात असली की? ‘तिला कुठे सांगता आत्ता. तिकडे रात्र असेल. लहान लेकरू आहे तिला. येऊन तरी काय करणार एवढ्या लांबून!’ असं म्हणत फोन लांबवला जातो. मी असंही घर पाहिलंय, जिथे आई गेल्याचं लेकीला सगळं आटोपल्यावर कळवलं. ‘तुला उगाच टेन्शन नको म्हणून’ हे कारण. ती मुलगी महिनाभरानं आली तेव्हा मला एकच वाक्य म्हणाली, ‘मावशी, मला यायला जमलं नसतं हे मलाही माहीत आहे. पण ते मला ठरवू द्यायला हवं होतं ना?’

खरंच की! साडेबारा हजार किलोमीटर मुलालाही तेवढेच आणि मुलीलाही तेवढेच. विमान दोघांनाही तितकेच तास घेतं. मग मुलाच्या बाबतीत ज्या अंतराचा हिशेब मांडतो, त्याच अंतराची लेकीच्या बाबतीत सबब का करतो?

म्हणून आमच्या मंडळात आता आम्ही सगळ्याजणींना चार गोष्टी करायला सांगतो. पहिली, बाहेरगावी नि परदेशी असलेल्या सगळ्या मुलांचे, लेकींचेसुद्धा, फोन नंबर आणि त्यांच्या एका शेजाऱ्याचा किंवा मैत्रिणीचा नंबर मोठ्या अक्षरात लिहून घरात दिसेल अशा जागी लावायचे. दुसरी, मुलांना वर्षातून एकदा विचारायचं, ‘पासपोर्टची, व्हिसाची मुदत कधीपर्यंत आहे? अडचण आली तर येता येईल का?’ हा प्रश्न आईनं विचारला तर कुणाला राग येत नाही. तिसरी, आपण आजारी पडलो तर कुणी किती वेळात येऊ शकतं याचा खरा हिशेब, उंबरा ते उंबरा, मांडून ठेवायचा आणि तोपर्यंत दवाखान्यात सही कोण करणार, हे गावातल्या कुणाशी तरी बोलून ठेवायचं. आणि चौथी, सगळ्यांत अवघड : आपल्यामागे थांबायचं की नाही, अग्नी कुणी द्यायचा, हे नवरा-बायकोनं एकमेकांना आणि मुलांना सांगून ठेवायचं. अभद्र बोलू नये म्हणतात. पण त्या काकांनी वेळेवर बोलून ठेवलं होतं, म्हणूनच त्या पहाटे काकूंना तोंड उघडता आलं.

परवाच्या बैठकीत गोल पुन्हा बाहेर काढला होता. दोघींचं पहिल्यांदाच जायचं ठरलंय, एकीचं डॅलसला, एकीचं लंडनला. दोरा लावून झाला, तास मोजून झाले, लाडू किती न्यायचे यावर वाद झाला. शेवटी तिसऱ्या एकीनं विचारलं, ‘वहिनी, माझी कुणी बोलावणी नाही हो. पण लेक तिकडे आहे. रात्री-बेरात्री काही झालं तर फोन करू का तिला? तिकडे झोपली असेल.’

करा. तिकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी करा. यायचं की नाही ते तिचं ती ठरवेल.